सिमेंट प्लान्टपासून किती लांब राहिलं म्हणजे सेफ? किलोमीटर विचारण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न नीट वाचला. गडचांदूरच्या बाजूला भाड्याचं घर, ईशान्येला साधारण दोन किलोमीटरवर प्लान्टची चिमणी दिसते, सकाळी गाडीच्या काचेवर आणि तुळशीच्या पानांवर करडी धूळ असते, चार वर्षांच्या मुलीचा खोकला दिवाळीपासून जात नाहीये, वडिलांना जिना चढताना दम लागतो (ते आधी पॅकिंगला होते), आणि घरमालक आता तेच घर विकत घ्या म्हणतोय. तुम्ही विचारलंय की किती किलोमीटर लांब गेलं म्हणजे सेफ.

मी चंद्रपूर-वणी पट्ट्यात हवा मोजायचं आणि गावागावात श्वसनाच्या तपासण्या करायचं काम करते. घुग्गूस, आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, कुठेही गेलं तरी हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही कारण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. मुलीला आणि वडिलांना आत्ता काय झालंय, तुम्ही श्वासात घेताय ती हवा किती खराब आहे आणि त्यात प्लान्टचा वाटा किती, आणि मग घर घ्यायचं का. यातल्या पहिल्याचं उत्तर दुसऱ्यासाठी थांबवून ठेवू नका. लोक नेमकं तेच करतात, दोन-दोन वर्षं प्लान्टशी भांडतात आणि पोराच्या छातीची साधी तपासणी झालेली नसते.

म्हणून आधी मुलगी. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेलाय म्हणजे टीबी नाही हे एकदा बघून घ्यायला हवं, सरकारी दवाखान्यात फुकट होतं, लहान मुलांना बेडका काढता येत नाही म्हणून डॉक्टर वेगळ्या पद्धतीने बघतात. खोकला रात्री-पहाटे जास्त येतो का, पळाल्यावर किंवा खूप हसल्यावर उबळ येते का, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो का, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, हे चार मुद्दे लिहून न्या. चार वर्षांच्या मुलांची स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी) बहुतेक जमत नाही, पाच-सहाच्या पुढे जमते, त्यामुळे या वयात डॉक्टर लक्षणांवर आणि औषधाला मिळणाऱ्या प्रतिसादावरच ठरवतात. पंप आणि स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) दिला तर द्या. पंपाची सवय लागते हे मी प्रत्येक गावात ऐकते आणि त्या भीतीपायी पोरं वर्षानुवर्षं सिरपवर राहतात, सवय वगैरे काही लागत नाही, औषध थेट छातीत जातं आणि कमी डोसात काम होतं. आणि हे उपचार खोकला प्लान्टमुळे आहे की नाही यावर अवलंबून नाहीत.

वडिलांचं वेगळं आहे. ते पॅकिंगला होते हे तुम्ही कंसात लिहिलंय, माझ्यासाठी तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे. पॅकिंग आणि लोडिंगला उभा राहणारा माणूस एका पाळीत जेवढी धूळ ओढतो तेवढी गावातल्या माणसाला कित्येक दिवसांत मिळत नाही. त्यांचा एक्स-रे नॉर्मल आला असेल तर त्यावर समाधान मानू नका, श्वसननलिका आकसण्याचा आजार, ज्याला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, तो सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. स्पायरोमेट्री करा. औषध ओढून झाल्यावर, पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा भागिले एकूण फुंकलेली हवा, हे उत्तर 0.70 च्या खाली आलं तर सीओपीडी धरतात. बिडी किती वर्षं, घरात चूल किती वर्षं, प्लान्टमध्ये कोणत्या खात्यात किती वर्षं, हे डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं पुढे कुणी धरत नाही. खदानीत ड्रिलिंगला किंवा क्रशरला काम केलं असेल तर ते तर नक्कीच सांगा, चुनखडीत सिलिका कमी असते पण तिच्यासोबत येणाऱ्या मातीत, वाळूत, इतर दगडात ती असते, आणि सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) निघाला तर तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे, नुकसानभरपाईचा हक्कही तिथूनच सुरू होतो.

आता हवा. तुळशीवरची धूळ बघून लोकांना वाटतं की हीच फुप्फुसात जातेय. डोळ्याला दिसणारी धूळ जाड असते, तिचा बराचसा भाग नाकात आणि घशात अडकतो. सिमेंटची धूळ क्षारीय असल्यामुळे डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमा असेल तर तो उसळतो, म्हणून तीही त्रासाचीच, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाऊन हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान करते ती अडीच मायक्रॉनच्या खालची धूळ, आणि ती दिसत नाही. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. म्हणजे काच स्वच्छ आहे म्हणून हवा चांगली असं नाही, आणि काच करडी आहे म्हणून धोका तेवढाच मोठा असंही नाही. दिसणारी धूळ कुठून येतेय ते शोधायला मात्र ती फार कामाची असते.

ते घरीच बघता येतं. एक पांढरी टाइल गच्चीवर ठेवा, रस्त्याच्या बाजूला नको, आणि आठवडाभराने फोटो काढा. काळी असेल तर कोळसा, कोळशाचे ट्रक किंवा रेल्वे सायडिंग. करडी आणि दवाने भिजून वाळल्यावर खरवडावी लागेल अशी घट्ट बसली तर सिमेंट किंवा क्लिंकरची (भट्टीतून निघणारे खडे, जे दळून सिमेंट होतं) शक्यता जास्त. पत्र्यावर तशी खपली धरते ते तुम्ही पाहिलं असेलच. लिंबू पिळून बुडबुडे आले तर चुनखडी आहे, पण इथे एक सांभाळा, आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतातच, त्यामुळे शेतातून उडालेली मातीही फसफसते. फक्त लिंबाच्या चाचणीवर तक्रार केली तर पहिल्याच बैठकीत ती उडवून लावतात, हे मी पाहिलंय.

अंतराचा प्रश्न फसवा का आहे ते आता सांगते. प्लान्टमधून धूळ दोन वेगळ्या वाटांनी येते. जमिनीलगतची, म्हणजे क्रशर, उघडे ढीग, कन्व्हेयर, क्लिंकर चढवणं-उतरवणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ट्रकचा रस्ता आणि पार्किंग. ही धूळ जवळच बसते, शे-दोनशे मीटरवर फार आणि किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत बरीच कमी होते. दुसरी उंच चिमणीतून येते, ती जवळच्या गावाच्या डोक्यावरून जाते आणि वाऱ्याप्रमाणे काही किलोमीटर पुढे जमिनीला टेकते. म्हणून पाचशे मीटरवरच्या वस्तीला एक त्रास असतो आणि तीन-चार किलोमीटरवरच्या गावाला दुसरा, आणि लांबचं गाव प्रत्येक वेळी जास्त सुखी असतं असं नाही. भट्टीतून आणि कोळशाच्या जळणातून निघणारे नायट्रोजन आणि सल्फरचे वायू तर हवेत हळूहळू बारीक कणांत बदलतात आणि अख्ख्या जिल्ह्यात पसरतात, त्यांच्यापासून दहा किलोमीटरही पुरत नाहीत.

मर्यादेत आहे म्हणजे काय, तेही एकदा आकड्यात बघा. 2014 च्या अधिसूचनेनंतर सिमेंट भट्टीच्या चिमणीला धुळीची मर्यादा घनमीटरला 30 मिलिग्राम झाली. एक टन क्लिंकरमागे भट्टीतून ढोबळमानाने दोन हजार घनमीटर गॅस बाहेर पडतो, म्हणजे टनामागे 60 ग्रॅम धूळ. वर्षाला 10 लाख टन क्लिंकर काढणारी भट्टी नियम तंतोतंत पाळून वर्षाला 60 टन धूळ हवेत सोडू शकते, आणि यात ट्रकचा रस्ता धरलेलाच नाही. हे घाबरवायला सांगत नाहीये, चिमणी उंच असते आणि हवा ते खूप पातळ करते. पण अधिकारी मर्यादेत आहे म्हणाला की लोक काहीच येत नाही असं समजतात, तसं नसतं.

वारा आणि वेळ या दोन गोष्टी अंतरापेक्षा जास्त ठरवतात. हिवाळ्यात आपल्याकडे वारा मंद आणि बरेचदा उत्तर-ईशान्येकडून असतो, आणि तुमच्या घराच्या ईशान्येलाच प्लान्ट आहे, म्हणजे नेमके वाईट महिने तुमच्या वाट्याला येतात. रात्री जमीन थंड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर-धूळ अडकून राहते, सकाळी ऊन लागेपर्यंत. रात्री फिल्टर बंद करतात असं प्रत्येक गावात म्हणतात. कधी ते खरं असतं, कधी या अडकलेल्या हवेमुळे तसं वाटतं. फरक करायचा तर रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी चिमणीचा फोटो काढा आणि तारीख-वेळ-वारा लिहा. थंडीत चिमणीतून निघणारा पांढरा पट्टा थोड्या अंतरावर विरून गेला तर ती बरीचशी वाफ, लांबपर्यंत करडा-पिवळट पट्टा तसाच राहिला तर धूळ. अशी महिनाभराची वही आणि त्याच तासांचे चिमणीवरच्या ऑनलाइन मीटरचे आकडे समोरासमोर ठेवले की चर्चा वेगळ्याच पातळीवर जाते.

मोबाईलवर एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा निर्देशांक) बघून ठरवू नका. तुम्हाला जो आकडा दिसतो तो चंद्रपूर शहरातल्या किंवा खुटाळा एमआयडीसीतल्या स्टेशनवरून येतो, किंवा ॲपने अंदाजाने काढलेला असतो. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले होते, 70 च्या वर गेलं की अतिप्रदूषित धरतात, आणि तो आकडा आजही लोक सांगतात. पण तो पूर्ण औद्योगिक पट्ट्याचा होता. तुमच्या अंगणाबद्दल त्यातून काही कळत नाही.

त्यापेक्षा दोन साधे सेन्सर घ्या, लेसरवर चालणारे, काही हजारांत मिळतात. पहिले दोन-तीन दिवस दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून आकडे जुळतात का बघा, मग एक ओसरीत आणि एक मुलगी झोपते त्या खोलीत. नोव्हेंबर ते जानेवारीत निदान महिनाभर चालवा. यातला फक्त पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रॉनच्या खालच्या धुळीचा, आकडा धरा, हे सेन्सर जाड धूळ नीट पकडत नाहीत त्यामुळे त्यांनी दाखवलेला पीएम 10 (दहा मायक्रॉनपर्यंतची धूळ) सिमेंटच्या भागात हमखास कमी येतो. पावसाळ्यात आणि धुक्यात दमट हवेमुळे आकडा फुगतो, ते दिवस वेगळे काढा. आणि एका तासाचा आकडा घेऊन त्याची मर्यादेशी तुलना करू नका. आपल्याकडची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला 60 आणि वर्षाच्या सरासरीला 40 मायक्रोग्राम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये याच दोन गोष्टींसाठी 15 आणि 5 सांगितलेत. 40 च्या आत आहे म्हणजे निर्धोक असं मी कधीच म्हणत नाही.

आकडे हातात आले की तासाप्रमाणे मांडा. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सात ते दहा असे दोन डोंगर दिसले तर चुली, शेकोट्या आणि अडकलेली हवा. फक्त ईशान्येचा वारा असताना चढत असेल तर प्लान्टचा वाटा आहे. वारा कुठूनही असो आकडा सारखाच राहत असेल तर ते पूर्ण पट्ट्याचं प्रदूषण आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा प्लान्टकडून वारा असताना सरासरी 70 आणि एरवी 50, आणि असा वारा वर्षातला एक तृतीयांश वेळ असतो. तर प्लान्टमुळे तुमच्या वार्षिक सरासरीत पडणारी भर 20 चा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे 7 मायक्रोग्राम. जगभरच्या अभ्यासांतून असं दिसतं की दीर्घकाळ दर 10 मायक्रोग्राम वाढीला मृत्यूचा धोका साधारण 8 टक्क्यांनी वाढतो, त्या हिशोबाने 7 ला पाच-साडेपाच टक्के. हा समूहाचा हिशोब आहे, तुमच्या मुलीचं भविष्य नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते, की त्या 7 साठी प्लान्टकडे हिशोब मागायला हवाच आणि उरलेले 50 घर बदलून चार किलोमीटरवर गेलात तरी सोबत येणार आहेत. तुमच्या घरी हे प्रमाण उलटंही निघू शकतं, विशेषतः घर ट्रकच्या रस्त्याला लागून असेल तर. मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

घरातलं काय ते स्पष्टच सांगते, कारण सांगितलं की लोकांना वाटतं मी प्लान्टची बाजू घेतेय. पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळून चूल किंवा पाणी तापवायचा बंब चालत असेल तर पोरीच्या श्वासात जाणाऱ्या बारीक धुळीचा मोठा भाग तिथून येत असेल. डासांची एक कॉईल जळून संपेपर्यंत जेवढे बारीक कण सोडते ते सुमारे शंभर सिगारेटींच्या तोडीचे निघालेत, आणि ती आपण बंद खोलीत लेकराच्या उशाशी लावतो. मच्छरदाणी लावा. अंगण कोरडं झाडू नका, आधी पाणी शिंपडा, घरात ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, तेव्हा रात्रभर बाहेरचीच हवा घेत असतो, मुलीला आणि वडिलांना तरी प्लान्टकडून वारा असेल त्या रात्री आत झोपवा. पुढेमागे पत्नीला दिवस गेले तर चुलीचा धूर आणि ही बारीक धूळ दोन्ही बाळाच्या वजनावर परिणाम करतात, म्हणून गॅस शक्य तितका आत्ताच सुरू करा. रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत, वडील अजून धुळीत काम करत असतील तर घट्ट बसणारा एन 95 लागतो.

कॅन्सरबद्दलही तुम्ही शेवटी विचारलंय, की गावात यंदा चार जणांना झाला. बाहेरच्या हवेचं प्रदूषण 2013 पासून कॅन्सरचं सिद्ध कारण मानलं जातं, त्यात शंका नाही. पण देशात ढोबळमानाने दर लाखामागे वर्षाला शंभर नवे रुग्ण सापडतात, म्हणजे तीन हजारांच्या गावात सरासरी तीन. एखाद्या वर्षी एक, एखाद्या वर्षी सहा, हे निव्वळ योगायोगानेही होतं. कोणता कॅन्सर ते विचारा. तोंडाचे असतील तर आधी खर्रा (तंबाखू-सुपारी) आठवा. फुप्फुसाचे असतील, त्यातही बिडी न ओढणाऱ्यांचे, आणि तीन-चार वर्षं सलग जास्त असतील, तर नावं नको, वय-वर्ष-अवयव-काम एवढी यादी करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

आणि कागद मागा, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्लान्टला दर सहा महिन्यांनी, 1 जून आणि 1 डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो. मूळ ईआयए अहवालात (मंजुरीआधी केलेला पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) वाऱ्याचा गुलाब असतो, म्हणजे कोणत्या दिशेने किती वेळ वारा वाहतो त्याचं चित्र, त्यात तुमचं घर कुठे पडतं ते बघा. प्लान्ट कचरा जाळत असेल तर डायॉक्सिनची (कचरा अर्धवट जळाल्यावर तयार होणारं विषारी रसायन) मर्यादा घनमीटरला 0.1 नॅनोग्राम आहे, शेवटची चाचणी कधी झाली ते विचारा, आणि भट्टी किती वेळा बंद पडून चालू झाली ते तर जरूर विचारा. भट्टी नीट तापलेली असताना कचरा बऱ्यापैकी पूर्ण जळतो, खरी गडबड बंद-चालू होताना होते आणि महिन्याच्या सरासरीत ती दिसत नाही. हे सगळं एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) चंद्रपूर कार्यालयात माहितीच्या अधिकारात मिळतं, एका अर्जात सगळं मागू नका, तीन वेगळे छोटे अर्ज करा, उत्तर लवकर येतं.

घराचं म्हणाल तर फेब्रुवारीपर्यंत सौदा करू नका, मालकाला भाडेकरार तेवढा वाढवून मागा. मुलीला दमा निघाला किंवा वडिलांचा रिपोर्ट खराब आला तर मी तुमच्या जागी हे घर घेणार नाही, सेन्सरचा आकडा बरा आला तरी, कारण अशा माणसांना सरासरीपेक्षा मधेमधे येणारे वाईट दिवस जास्त भोवतात. नवीन घर शोधताना किलोमीटर मोजत बसू नका. प्लान्टच्या नैर्ऋत्येला नको, ट्रकच्या रस्त्यावर नको, झोपायच्या खोलीची खिडकी प्लान्टकडे नको, आणि ही तीन बघून दीड किलोमीटरवर मिळालं तरी चालेल. दोघंही ठणठणीत निघाले आणि प्लान्टचा वाटा कमी निघाला तर घ्यायला हरकत नाही, पण मग किंमत कमी करून घ्या, धूळ आहे हे मालकालाही माहीत आहे.

वडिलांची स्पायरोमेट्री झाली की नुसता नॉर्मल किंवा ॲबनॉर्मल असा शेरा नको, आलेखाचा फोटो नाव झाकून इथे टाका. फुंकणं सहा सेकंदांच्या आत तुटलेलं असेल तर तो रिपोर्ट धरायचा की परत करायचा ते बघून सांगते.